पेट्रोलचा हिशेब आणि घरचा न्याय

साताऱ्याहून आमच्या एका जुन्या वाचकांचे पत्र मध्यंतरी आले. हे गृहस्थ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आहेत. वय शहात्तर, प्रकृती अलीकडे ठीक नाही. उपचारासाठी दर पंधरवड्यास मिरजेस जावे लागते. घरात दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे असा भरलेला संसार असून सर्वांमध्ये मिळून एक हायब्रिड मोटार आहे. मिरजेची वारी थोरले चिरंजीव करतात. गावातली शाळा, मंडई, देवदर्शन, पाहुण्यांना स्टँडवर पोचविणे ही कामे धाकट्या सूनबाईंकडे. खर्च सामाईक असल्याने पेट्रोलची वही आजोबा स्वतः लिहितात.

त्यांची अडचण अशी : गाडी घेताना लिटरला अठ्ठावीस किलोमीटरची गोष्ट ऐकली होती, आणि वही काही एकोणिसाच्या पुढे सरकेना. एके रात्री पाने वाढलेली असताना थोरले सहज बोलून गेले, की आपल्या हाती गाडी तेवीस देते, धाकटीच्या हाती गेली की पंधरावर येते. बोलण्यात दुष्टावा नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून सूनबाईंनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. मुले रिक्षाने शाळेत जाऊ लागली. "घरात कोणी कोणास काही बोलत नाही, आणि तेच मला सोसत नाही," असे लिहून आजोबांनी आमच्याकडे निकाल मागितला होता : गाडीचे ॲव्हरेज खरोखर चालविणाऱ्याच्या हातावर असते काय?

प्रश्न एका घरचा असला तरी आता तो पुष्कळ घरांचा झाला आहे. २०२२ साली मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाची सिटी या गाड्यांची हायब्रिड रूपे बाजारात आली, तेव्हापासून मध्यम स्थितीतल्या कुटुंबांतही ही मोटार दिसू लागली. सबब आम्ही पत्राचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम त्या अठ्ठावीस आकड्याविषयी. तो आकडा खोटा नव्हे. हायरायडर व ग्रँड व्हिटारा यांच्यासाठी जाहीर झालेला आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर हा आहे, आणि असे आकडे ठरलेल्या सरकारी पद्धतीच्या चाचणीतून येतात. आपल्याकडे हे काम करणारी प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली पुण्यातच स्थापन झाली. पण चाचणी कशी होते हे ध्यानात घ्यावे. गाडी जागच्या जागी उभी असते व तिची चाके रोलरवर फिरविली जातात. वेग ठरलेल्या आलेखाप्रमाणे चढतो-उतरतो आणि ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. त्या खोलीत खंबाटकी नाही, पावसाळ्यातले खड्डे नाहीत, वाटेत आडवी आलेली म्हैस नाही. एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यास तो आकडा उत्तम. घरच्या वहीशी त्याची तुलना करणे म्हणजे परीक्षेतल्या गुणांवरून संसाराची किंमत करण्यासारखे आहे.

दुसरे कारण टाकीतच आहे. २०२५ सालापासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. सातारा-सांगलीच्या वाचकांस इथेनॉल परके नाही; उसाच्या रसापासून व मळीपासून ते आपल्याच साखर कारखान्यांत तयार होते. एक लिटर इथेनॉलात एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश उष्णता असते. म्हणजे या मिश्रणाच्या लिटरमागे उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी पडते. ऊस पिकविणाऱ्यास त्याचा लाभ होतो ही गोष्ट चांगली. पण ॲव्हरेजमधली तेवढी तूट सूनबाईंच्या नावे मांडणे बरोबर नव्हे.

आता मुख्य मुद्दा. पेट्रोल खाते कोण? बहुतेकांचा समज असा, की ॲक्सिलरेटरवरचा पाय. आम्ही म्हणतो, पेट्रोल खातो तो ब्रेक. गाडीला वेग देण्यासाठी जे पेट्रोल जळाले, ते वेगाच्या रूपाने गाडीत शिल्लक असते. ती पुंजी आपण चालत्या गाडीत बरोबर घेऊन हिंडत असतो. साध्या गाडीत ब्रेक दाबताच त्या पुंजीची उष्णता होते आणि ती वाऱ्यावर जाते. हायब्रिड गाडीचा खरा गुण हा, की ब्रेकवर हलका पाय पडताच तिची विजेची मोटर उलट कामास लागते, चाकांच्या फिरण्यातून वीज काढते आणि बॅटरीत ठेवते. कोयनेचे उंचावरचे पाणी पोफळीस खाली उतरताना जशी वीज देऊन जाते, तशीच ही गोष्ट आहे. साठलेल्या विजेवर गाडी पुढच्या वेळी इंजिन न लावता निघते, आणि त्यामुळेच चौकाचौकाच्या रस्त्यावर साध्या गाडीपेक्षा ती पुष्कळ काटकसरी ठरते.

मात्र येथे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की ब्रेक दाबला की सगळे परत मिळते. तसे नाही. चाकातून मोटरीत, मोटरीतून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकात येताना प्रत्येक नाक्यावर जकात द्यावी लागते. शिवाय ब्रेक एकाएकी जोराने दाबला तर मोटर एकटी पुरी पडत नाही. साधे ब्रेक चाक धरतात आणि पुंजी उष्णतेत जाते. म्हणून ब्रेक लवकर आणि हलका लावावा. त्याहून चांगले म्हणजे ब्रेकची वेळच येऊ देऊ नये. पुढे गतिरोधक दिसला, सिग्नल लाल दिसला, शाळेतून मुले सुटलेली दिसली, की तेव्हाच पाय उचलावा आणि गाडी आपल्या वेगाने तरंगू द्यावी. दृष्टी शंभर पावले पुढे ठेवणे ही पेट्रोलची सर्वांत मोठी बचत होय, आणि तिला एक पैसाही खर्च नाही.

दुसरा गैरसमज तरुण मंडळींचा. गाडी विजेवर चालली की समोरच्या फलकावर हिरवी खूण उमटते. ती खूण टिकावी म्हणून ते गोगलगाईच्या गतीने निघतात, आणि मागच्या वाहनांचे शिव्याशाप घेतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे, की या गाडीची बॅटरी घरच्या प्लगवर भरत नाही. तिच्यातली वीज एक तर ब्रेकमधून परत आलेली असते किंवा इंजिनाने पेट्रोल जाळून भरलेली असते. म्हणजे मूळ सावकार पेट्रोलच. बॅटरी रिकामी करून मिळविलेली हिरवी खूण ही उसनवारी आहे, आणि ती इंजिनास पुढच्या वळणावर व्याजासह फेडावी लागते. मध्यम जोराने निघावे, हवा तो वेग येताच पाय किंचित सैल करावा, आणि इंजिन केव्हा बंद व्हायचे ते गाडीस ठरवू द्यावे. गाडीची यांत्रिक बुद्धी या बाबतीत आपल्यापेक्षा बरी आहे.

एवढे कळले म्हणजे तेवीस आणि पंधरा यांचे कोडे उलगडू लागते. सातारा ते मिरज हा रस्ता पाहा. कराडवरून महामार्गाने पेठ नाक्यापर्यंत, तेथून आष्ट्यावरून सांगलीस व पुढे मिरजेस. एका खेपेस एकशे तीस-पस्तीस किलोमीटर. इंजिन एकदा तापले की शेवटपर्यंत तापलेले राहते, थांबे थोडे, वेग सारखा. शिवाय माहुलीहून कराड-सांगलीकडे ज्या बाजूस कृष्णा वाहते त्याच बाजूस हा रस्ता उतरतो. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर, सांगली साडेपाचशेवर. दीड टनाची गाडी दोनशे मीटर खाली आणताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी शक्ती मोकळी होते. आणि उतार इतका सावकाश, की ब्रेकची गरज नसल्याने ती सगळी गाडीच्या कामी येते. आमच्या गणिताप्रमाणे जाताना पाव लिटर पेट्रोल वाचते, आणि येताना तेवढेच जास्त लागते. थोरल्या चिरंजीवांस जाताना चोवीस आणि येताना बावीस पडत असतील, तर त्यात हाताची करामत नसून कृष्णामाईची आहे.

आता सूनबाईंचा रस्ता पाहा. घरापासून शाळा दीड किलोमीटर. गाडी सकाळी थंड असते. हायब्रिड असली तरी इंजिन तापविण्यासाठी ते सुरू होतेच, आणि ते पुरते तापण्यापूर्वी शाळा येते. परत येऊन गाडी उभी. दोन तासांनी मंडई, पुन्हा थंड इंजिन. पोवई नाक्याचा चढ, राजवाड्याकडची गर्दी, उन्हाळ्यात एअरकंडिशनर. या रस्त्यावर पंधरा पडले तर ते वाईट नव्हे. दोघांची तुलना करणे म्हणजे एकाने सपाटीवर आणि दुसऱ्याने सज्जनगडाच्या पायऱ्यांवर धावावे आणि घड्याळ एकच लावावे, तसे झाले.

आजोबा गणिताचे शिक्षक, म्हणून आम्ही त्यांना एक लहानसे गणितही लिहून पाठविले. महिन्यास मिरजेच्या दोन वाऱ्या धरल्या तर सुमारे ५४० किलोमीटर; तेवीसच्या दराने पेट्रोल साडेतेवीस लिटर. गावातले ३०० किलोमीटर. पंधराच्या दराने वीस लिटर. आता दोन्हीकडे दोन-दोन किलोमीटरची सुधारणा झाली असे माना. मिरजेच्या रस्त्यावर तेवीसचे पंचवीस झाले तर वाचतात दोन लिटरांहून थोडे कमी. गावात पंधराचे सतरा झाले तर वाचतात दोन लिटर आणि वर जवळजवळ पाव लिटराहून अधिक. कमी अंतर असूनही बचत जास्त! एतावता, ज्या रस्त्यास आपण दोष देतो तोच सुधारण्यास अधिक फलदायी असतो. दोष आणि उपाय यांचे घर पुष्कळदा एकच असते.

यावरून पुढील गोष्टी सहज निघतात.

गावातली कामे एकत्र करावीत आणि सर्वांत लांबचे काम आधी करावे. म्हणजे इंजिन पहिल्या खेपेतच पुरते तापते आणि जवळची कामे तापल्या इंजिनावर होतात. अर्ध्या किलोमीटरवरच्या दुकानास गाडी काढूच नये. पायांना पेट्रोल लागत नाही.

टायरमधली हवा पंधरा दिवसांतून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. किती हवा हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत छापलेले असते. भरलेल्या गाडीस वेगळा आकडा असतो तोही पाहावा. हवा कमी असली की टायर दबतो आणि गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते. डिकीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले सामान घरात न्यावे. पुष्कळ हायब्रिड गाड्यांत बॅटरीस थंड हवा मिळावी म्हणून मागच्या आसनाजवळ एक जाळी असते. तिच्यावर शाली, पिशव्या वा फराळाचे डबे ठेवू नयेत. बॅटरी तापली की तिची देवघेव मंदावते.

एअरकंडिशनर या गाड्यांत विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. तो फुकट आहे असे वाटून सांगलीच्या गणपतीसमोर कुणाची वाट पाहत अर्धा तास गाडी चालू ठेवली, तर बॅटरी उतरते आणि इंजिन आपोआप सुरू होते. गाडी सावलीत लावावी. निघताना दोन मिनिटे काचा उघडून आतली गरम हवा घालवावी आणि मग काचा लावून आतलीच हवा फिरती ठेवावी.

महामार्गावर मात्र हायब्रिडचा चमत्कार ओसरतो. तेथे ब्रेक नाही, म्हणून परतावाही नाही. झगडा वाऱ्याशी असतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी शंभरऐवजी ऐंशीने गेल्यास तो शंभराचा चौसष्टच उरतो. साताऱ्यापासून पेठ नाक्यापर्यंत पाऊणशे किलोमीटर धरले तर वेळेचा फरक किती? अकरा मिनिटे. आजारी माणूस गाडीत असताना ही अकरा मिनिटे महाग आहेत असे कोण म्हणेल?

घाटाविषयी थोडे जास्त लिहिणे अवश्य आहे, कारण तेथे पैशाचाच नव्हे तर जिवाचाही प्रश्न आहे. कास पठार सुमारे बाराशे मीटर उंच. तेथून साताऱ्यास येताना बहुतेक उतार यवतेश्वरच्या घाटात एकवटलेला आहे. साडेचारशे मीटर उतरताना दीड टनाची गाडी पावणेदोन युनिटांपेक्षा जास्त शक्ती मोकळी करते. रस्त्याचा आणि वाऱ्याचा वाटा वजा केला तरी एक युनिटाहून अधिक उरते. इकडे वर सांगितलेल्या मोटारींतील बॅटरी साधारण पाऊण युनिटाची, आणि ती दीर्घकाळ टिकावी म्हणून तिचा काही भागच वापरात येतो. अर्थात घाट संपण्याच्या पुष्कळ आधी बॅटरी भरते आणि नंतर परतावा बंद होतो. अशा वेळी पुष्कळ हायब्रिड गाड्यांत गिअरच्या दांड्यापाशी 'बी' अशी खूण असते तेथे दांडा आणावा. मग इंजिन पेट्रोल न जाळता फिरते आणि गाडीस मागे धरते, ब्रेक तापत नाहीत. एरवी सपाटीवर 'बी'चा उपयोग करू नये.

घाटात न्यूट्रल करून गाडी सोडण्याची वाईट खोड आपल्याकडे पुष्कळांस आहे. "तेवढेच पेट्रोल वाचते" असे ते म्हणतात. हायब्रिड गाडीत हे दुहेरी नुकसानीचे आहे. न्यूट्रलमध्ये मोटर वीज साठवीत नाही, म्हणजे परतावा बुडाला. आणि सगळा भार ब्रेकवर आला, म्हणजे ते तापून निकामी होण्याचे भय. ज्या काटकसरीत जीव टांगणीला लागतो ती काटकसर नव्हे.

शेवटी वहीविषयी. फलकावरच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच पंपावर टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा काटा टिपावा. पुढच्या वेळी पुन्हा पूर्ण भरून धावलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, निदान चार टाक्यांची सरासरी घ्यावी. आणि वहीत एक रकाना वाढवावा : कोणी चालविली हा नव्हे, तर कोठे चालविली हा.

हे सर्व आम्ही आजोबांना खाजगी पत्राने कळविले होते आणि सोबत एक सूचना केली होती : एक महिना दोघांनी कामे बदलून पाहावी. सूनबाईंनी सासऱ्यांना मिरजेस न्यावे, थोरल्यांनी मुलांना शाळेत पोचवावे आणि मंडई करावी. भांडणाचा निकाल मध्यस्थाने देण्यापेक्षा वहीने दिलेला बरा.

त्यांचे दुसरे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. सूनबाईंच्या हाती मिरजेच्या रस्त्यावर साडेतेवीस पडले. थोरल्यांच्या हाती गावात चौदा. थोरल्यांनी वही दोनदा तपासली, मग काही न बोलता खुंटीवरची किल्ली काढून भावजयीच्या हाती दिली आणि म्हणाले, "उद्यापासून शाळेचे तुम्हीच बघा, माझ्याच्याने होत नाही." घरात हशा पिकला. त्यानंतर सूनबाईंनी कामे एकत्र करण्याचा, लांबचे आधी करण्याचा नेम धरला आणि गावातले ॲव्हरेज सोळाच्या वर गेले आहे. अठ्ठावीस झालेले नाही, होणारही नाही. पण मिरजेची एक वारी मात्र आता सूनबाईंकडे कायम झाली आहे, आणि तिचे कारण पेट्रोल नव्हे.

ते कारण आजोबांनी पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे : "धाकटी गाडी चालविते तेव्हा दारावरची मूठ मला एकदाही धरावी लागत नाही."

गाडीत बसलेल्या वृद्धास मूठ धरावी लागत नाही, याचा अर्थ धक्का नाही. धक्का नाही याचा अर्थ ब्रेक नाही. आणि ब्रेक नाही याचा अर्थ काय, हे वाचकांस आता निराळे सांगणे नको.